आठ जणांचे विमान



विमानाच्या मालकीवर बोलण्याचे आम्ही कबूल केले, तेव्हा पहिले हसू आमच्या घरातच झाले. ज्यांना बोरिवलीच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी धन्यता वाटते, त्यांनी दोन इंजिनांच्या विमानाच्या गोष्टी सांगाव्यात! पण गोष्ट घडलेली आहे. काही वर्षांपूर्वी अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर इथले आम्ही आठ जण मुलुंडच्या एका दिवाणखान्यात बसलो आणि वर्गणी काढून छोटे दुइंजिनी विमान घेता येईल का, याचा हिशेब मांडू लागलो. आठांपैकी पाच जणांजवळ वैमानिकाचा परवाना होता. उरलेल्या तिघांजवळ हौस होती, आणि खरे सांगायचे तर पैसाही त्यांच्याचजवळ अधिक होता.

पुष्कळांनी मिळून विमाने बाळगण्याची कल्पना या उपनगरांना नवी नाही. जुहूचे विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब ही दोन्ही १९२८ सालची. एकट्याला न परवडणारी विमाने सभासदांच्या क्लबाने बाळगायची आणि उडेल त्याने तासाप्रमाणे पैसे द्यायचे, ही पद्धत आपल्याकडे तेव्हापासूनची. जे. आर. डी. टाटा उडायला शिकले ते याच क्लबात. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्याचा क्रमांक होता १. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूलाच उतरले. मौज अशी की, पावसाळ्यात जुहूचे ते मैदान पाण्याखाली जाई आणि टाटांना आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. विमान विकत घेणे निराळे आणि ते चार महिने कोरडे ठेवणे निराळे, हा धडा इतका जुना आहे.

आमच्या पहिल्या बैठकीत बोलणे झाले ते सारे किमतीचे. किंमत आठांत वाटली की आकडा एकदम गोजिरवाणा दिसू लागतो. पण आमच्यातले अंधेरीचे गृहस्थ आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे अनेक वर्षे खजिनदार होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘सिंकिंग फंड किती धरला आहे?’’ आपल्या इमारतींसाठी उपविधींप्रमाणे बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का रक्कम बाजूला पडते, आणि तेवढीही देताना सभासद कसे तोंड वाकडे करतात हे आपण सारे जाणताच. विमानाचे काय?

आमच्या डोळ्यांपुढे पायपर कंपनीचे सेमिनोल विमान होते. चार जणांचे, एकशे ऐंशी अश्वशक्तीची दोन इंजिने. या इंजिनांचे निर्माते सांगतात की, २,००० तास उडाल्यावर, किंवा तेवढे तास न भरले तरी १२ वर्षांनी, इंजिन उघडून पुरते नवे करावे. म्हणजे ‘ओव्हरहॉल’. आम्ही हिशेब केला : आठ जण, प्रत्येकी वर्षाला २५ तास, म्हणजे २०० तास. दहा वर्षांत २,००० भरतील. दर तासामागे थोडी रक्कम बाजूला टाकली की दहाव्या वर्षी पैसा तयार. कागदावर सुरेख जमले.

खजिनदारांनी कागद उलटा केला आणि म्हणाले, उडणारे पाचच आहेत. त्यांना नोकऱ्या आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत, पावसाळा आहे. धरा प्रत्येकी १२ तास. वर्षाला ६० तास झाले. बारा वर्षांत ७२०. इंजिनाची मुदत तर संपली, आणि तिजोरीत शंभरांपैकी छत्तीसच रुपये! पुन्हा इंजिने दोन, एकाच दिवशी बसवलेली, म्हणजे खर्चही दोन्हींचा एकदमच यायचा. पंख्यांचे वेळापत्रक त्याहून निराळे. तेव्हा हा निधी उड्डाणाच्या तासांवर न बेतता महिन्याच्या महिन्याला प्रत्येकाकडून सारखा घेतला पाहिजे, मग तो उडो की न उडो. इथे आमचे पहिले भांडण झाले. न उडणारे तिघे म्हणाले, जो वापरील त्याने झिजेचे पैसे द्यावेत. त्यांचे म्हणणे न्यायाचे होते, पण जागीच उभे असलेले इंजिनही झिजते. जुहूच्या खाऱ्या वाऱ्यात तर उडणाऱ्या इंजिनाहून उभे इंजिन लवकर गंजते. विमा, हँगरचे भाडे, उड्डाणयोग्यतेची दरवर्षीची तपासणी, यांतले काहीही विमान किती उडाले हे विचारून येत नाही.

इंधनाचे सांगायचे तर, सेमिनोल तासाला सत्तरएक लिटर पिते, तेही ॲव्हगॅस नावाचे खास पेट्रोल. हे पूर्वी परदेशातून येई. २०२२ साली इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याला तयार करून बाजारात आणले. तरी ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळत नाही, प्रत्येक धावपट्टीवरही मिळत नाही. डिझेल इंजिनांची डायमंड कंपनीची दुइंजिनी विमाने आहेत. ती हेलिकॉप्टरांना लागते तेच जेट इंधन घेतात, आणि पुष्कळ कमी घेतात. पण मग किंमत वाढते. परदेशातून स्वतःच्या वापराकरिता विमान आणायचे, तर सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला आहे. बोरिवलीच्या मित्रांनी तोड सुचवली की, आठवडाभर विमान भाड्याने देऊन रविवारी आपण वापरू. तेही जमत नाही. खासगी म्हणून नोंदलेल्या विमानात पैसे घेऊन उतारू बसवता येत नाहीत. त्याला निराळा परवाना लागतो.

आणि ठेवायचे कुठे? जुहूची मोठी धावपट्टी साडेअकराशे मीटरांच्या आसपास आहे, आणि सांताक्रूझचे मोठे विमानतळ इतके लगत की, १९७२ साली जपान एअरलाइन्सचे एक भलेथोरले डीसी-८ ते सांताक्रूझच समजून जुहूला उतरले आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेले. अशा शेजारामुळे जुहूच्या छोट्या विमानाला आपल्या मर्जीने आकाश मिळत नाही. फ्लाइंग क्लबाचे उड्डाण-शिक्षणसुद्धा धुळ्याला गेले. तासभर उडण्यासाठी तीनशेहून अधिक किलोमीटर जायचे, हा खर्च आमच्या कोणत्याच रकान्यात नव्हता.

आता दोन इंजिनांविषयी. घरच्या मंडळींना आम्ही सांगत होतो की, एक बंद पडले तर दुसरे आहेच. यात अर्धे सत्य आहे. संसाराचा दाखला घ्या. पगाराचा बहुतेक भाग भाडे, किराणा, शाळा यांत जातो आणि उरते ती थोडी शिल्लक. पगार निम्मा झाला तर शिल्लक निम्मी होत नाही, ती जवळजवळ नाहीशी होते. विमानाची बहुतेक शक्ती नुसते हवेत राहण्यात खर्च होते. वर चढायचे ते शिलकीवर. सेमिनोल दोन्ही इंजिनांवर मिनिटाला तेराशे फुटांवर चढते. एकावर दोनशेच्या आसपास, तेही विमान ठणठणीत आणि वैमानिकाचा हात बसलेला असला तर. मेच्या उकाड्यात त्याहूनही कमी. शिवाय चालू इंजिन विमानाला एका अंगाला ओढते, वेग उतरला तर उलथवूही शकते. वर्षाला बारा तास उडणाऱ्याने हे सांभाळायचे म्हणजे शिक्षकाबरोबर वरचेवर सराव हवा. त्या सरावाचे तास आम्ही हौसेच्या खात्यात धरले होते. ते विम्याच्या खात्यात धरायला हवे होते.

याच सुमारास एक जुने दुइंजिनी विमान स्वस्तात मिळत असल्याची खबर आली. काही वर्षे उभे होते, थोडी डागडुजी केली की झाले. सगळे हुरळले. घाटकोपरचे मित्र मात्र गप्प होते. २८ जून २०१८ च्या दुपारी, भर पावसाळ्यात, जुहूहून चाचणीसाठी निघालेले किंग एअर जातीचे दुइंजिनी विमान त्यांच्या घाटकोपरात जीवदया लेनमध्ये कोसळले. पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचे असलेले ते विमान एका खासगी कंपनीने घेतले होते. आतले दोन वैमानिक, दोन तंत्रज्ञ आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी, असे पाच जीव गेले. त्या अपघाताच्या कारणांवर इथे बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही. मित्र एवढेच म्हणाले, ‘‘आठ मालक असले की ‘आज उडू नका’ हे कोण सांगणार? आठव्याने रजा काढलेली असेल, सातव्याने पाहुणे बोलावलेले असतील.’’ त्या रात्री कराराच्या मसुद्यात एक कलम आले : कोणाही एकाने, कारण न देता, उड्डाण थांबवावे, आणि त्यावर मतदान घेऊ नये. आमच्या साऱ्या कागदांत आम्हांला अजून पटते ते हेच कलम. जुन्या विमानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

ब्रिटनमध्ये वीस वीस जण मिळून एक विमान बाळगतात. प्रत्येकाचा वाटा निदान पाच टक्के असावा, असा तिथला नियम. त्या धर्तीवर आम्ही बारा कलमे लिहिली. रविवार कोणाचा, कर्ज काढायचे नाही, टायर फुटला तर कोणाचा, सारे आले. मग चहा घेऊन आलेल्या यजमानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारातच थांबून म्हणाल्या, ‘‘भावजी, उद्या डॉक्टरांनी यांना नापास केले, तर यांचा आठवा हिस्सा कोण घेणार? खोली असती तर विकली असती.’’

आम्ही आठही जण शिकलेसवरलेले; पण सोडून जाणाऱ्याचे कलम कोणी लिहिलेच नव्हते. उरलेल्या सातांनी घ्यावा, तर त्यांच्याजवळ पैसा हवा. बाहेरच्याला विकावा, तर तो सातांना पसंत हवा, त्याला दोन इंजिनांचे रेटिंग हवे. किंमत ठरवायची कशी? घेतली त्या भावाने की त्या दिवशीच्या, आणि रिकाम्या निधीची तूट वजा करून की न करता? तीन बैठका झाल्या, कलम काही जमले नाही. पुढच्या जानेवारीत यजमानांची वैद्यकीय तपासणी झाली आणि रक्तदाबाने त्यांचा परवाना खरोखरीच अडकला. विमान घेतलेले असते तर आम्हांला त्यांच्या घरी तोंड दाखवणे अवघड झाले असते.

विमान आम्ही घेतले नाही. आमच्यातले तिघे हिवाळ्यात एका इंजिनाचे विमान तासाच्या भाड्याने घेऊन उडतात आणि वर्षाकाठी खर्च मांडून पाहतात. अंधेरीचे खजिनदार म्हणतात की, पाचही जण वर्षाला पुरे चाळीस तास उडू लागले, तर हिशेब पुन्हा मांडू. निधी मात्र पहिल्या महिन्यापासून सारखा, आणि सोडणाऱ्याचे कलम सगळ्यांत आधी लिहायचे. यंदा आमच्यातल्या सर्वांत अधिक उडालेल्याचे तास भरले एकोणीस.