पहिला सूर कशावर धरावा?



गाणे शिकू पाहणाऱ्या मुलांचे पालक आमच्याकडे येतात, ते बहुधा एकच प्रश्न घेऊन : ‘पेटी कोणती घ्यावी?’ आरंभी पेटी घ्यावी की नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयीच आज चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वाद्यांची कुळे पाहू. भरताच्या नाट्यशास्त्रात ती चार सांगितली आहेत : तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. तारेचे ते तत, कातड्याने मढविलेले ते अवनद्ध, ज्याचे अंगच आघाताने निनादते ते घन, आणि वाऱ्याने वाजते ते सुषिर. वारीची दिंडी डोळ्यांपुढे आणा. विणेकऱ्याची वीणा तत, पखवाज अवनद्ध, टाळ घन. राहिले सुषिर, ते नगारखान्यातल्या सनईत सापडेल. मग पेटी कोणत्या कुळातली? पट्ट्या पाहून मुले गोंधळतात. पण पट्टी केवळ वाट मोकळी करते. नाद होतो तो भात्याच्या वाऱ्याने आतली पितळी जीभ कापते म्हणून. तेव्हा पेटी सुषिरच!

आता स्वर. सा आणि प अचल. रे, ग, ध, नी यांची कोमल रूपे चार आणि तीव्र म एक. शुद्ध सात धरून बारा झाले. आपला ‘सा’ एका जागी खिळलेला नाही. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी काळी चारमध्ये. ज्याच्या गळ्याला जो मानवेल तो त्याचा षड्ज. एकदा तो ठरला, की बाकीच्यांची घरे त्याच्याशी असलेल्या नात्याने ठरतात.

अडचण येथेच आहे. समजा, सा दर सेकंदाला 240 कंपनांचा आहे. त्याच्याशी पूर्ण जुळणारा शुद्ध गंधार 5:4 या प्रमाणाने 300 कंपनांचा. पेटीचे सप्तक मात्र बारा समान भागांत वाटलेले असल्यामुळे तिचा गंधार सुमारे 302.4 चा. फरक किती? एक टक्क्याहूनही कमी! परंतु हे दोन गंधार एकत्र लावा. सेकंदाला दोनअडीच हेलकावे कानाला स्पष्ट जाणवतील.

हा 300 चा गंधार आम्ही कागदावरून आणलेला नाही. तो तंबोऱ्यात आहे. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खरजाची. गंधाराची तार एकही नाही! तरी जवारी नीट लागलेली असली, की 120 कंपनांच्या खरजातून त्याच्या पाचपट, म्हणजे 600 कंपनांचा तार गंधार आपोआप उमटतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेचे कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवीत तासन्‌तास बसतात, ते हीच आस खुलविण्यासाठी.

मग पेटी टाकून द्यावी काय? 1940 साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले होते. ते किलकिले व्हायला तीसएक वर्षे लागली. आमचा तसा हट्ट नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांच्या हाती पेटीने रसिकांना वेड लावले आहे. शिवाय पट्टीला मींड नसली, तरी स्वराची जागा चटकन दाखविण्यात ती मोठी मदतनीस आहे. आमचे म्हणणे क्रमापुरते आहे. पेटी सूर आयता देते. तंबोरा तो शोधायला लावतो. ज्या मुलाने प्रथमपासून पट्टीचाच आधार घेतला, त्याला आपला गंधार चढला की उतरला हे सांगायला जन्मभर दुसरा कोणी लागतो.

तंबोरा महाग आहे, जागा अडवितो, हे आम्हांला ठाऊक आहे. घरी नसेल तर मोबाइलमधला तंबोरा लावा. आरंभाला तोही चालेल. पण रोज पहाटे पंधरा मिनिटे मुलाला त्याच्यापुढे बसवा. गाऊ नको म्हणावे, नुसते ऐक. एक दिवस ते आपण होऊन विचारील, ‘हा ग कोण म्हणतो आहे?’ त्या दिवशी त्याचे शिक्षण सुरू झाले असे समजावे. पेटीची खरेदी त्यानंतर खुशाल करावी.