गेटवरचा फोन

दुपारची कामं उरकून बसला असाल, कुणी शेंगा फोडत असाल, कुणी निवडण घेऊन बसली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या.

आपल्या गावात पाहुणा आला की दारात उभा राहून हाक मारतो, ‘आहे का कोणी घरात?’ आणि आतून ‘या, या’ येतं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या इमारतीत ही हाक फोनवरून मारावी लागते. ती कशी मारायची हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी आणि माझी नणंद भर उन्हात दीड तास गेटवर बसलो.

लेकीला सातवा महिना होता. तिनं घर बदललेलं, नव्या जागी आम्ही पहिल्यांदाच निघालेलो. साताऱ्याहून एसटीनं स्वारगेटला उतरलो, तिथून रिक्षा. पिशवीत तूप, शेंगांची चटणी, डिंकाचे लाडू. माझ्या मोबाईलची बॅटरी गाडीतच संपली. पण सोसायटीचं नाव आणि फ्लॅटचा नंबर कागदावर होता, त्यामुळं मी निर्धास्त.

वॉचमननं फ्लॅटचा नंबर विचारला, त्याच्याकडच्या फोनवरून लावला. दोन शब्द बोलला आणि ठेवून म्हणाला, “मावशी, ते म्हणतात आमच्याकडं कुणी येणार नाही. तुम्हाला ओळखत नाहीत.”

वन्सं माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला कळलं त्यांच्या मनात काय आलं ते. लेकीनं ओळख दाखवली नाही! तुम्हाला सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात तेच आलं. शहरात गेली, बदलली. डोळ्यांत पाणी आलं ते पदरानं पुसलं, वॉचमनला दिसू नये म्हणून पाठ केली.

शेवटी वन्संच्या मोबाईलवरून गावी फोन लावला. मुलगा रानात होता, तो घरी येऊन डायरीतून बहिणीचा नंबर काढेपर्यंत वेळ गेला. मग लेक खाली धावत आली, त्या अवस्थेत. ती सकाळपासून आमचीच वाट बघत होती. तिच्या घरात फोन वाजलाच नव्हता.

झालं होतं असं. गेटवरून जो फोन जातो तो घरातल्या यंत्रावर जातोच असं नाही. जुन्या इमारतींत भिंतीवर इंटरकॉम असतो, तो घरातच वाजतो. पण आता पुष्कळ ठिकाणी फ्लॅटच्या नावापुढं जो मोबाईल नंबर नोंदवलेला असेल तिथं फोन जातो, किंवा त्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये ‘पाहुणे आलेत, सोडू का?’ असं येतं. लेकीच्या फ्लॅटपुढं आधीच्या भाडेकरूचा नंबर तसाच राहिला होता. तो माणूस कुठल्या कुठं राहायला गेलेला, त्यानं खरं तेच सांगितलं. वॉचमनचीही चूक नाही, त्याला परवानगीशिवाय सोडता येत नाही.

तेव्हा ज्यांच्या मुली, मुलं, जावई भाड्यानं राहतात त्यांनी आजच फोन करून विचारा, गेटवर नंबर कुणाचा आहे? नुसता जावयाचा असेल तर तो कामावर असताना फोन त्याच्या खिशात वाजणार आणि मुलगी घरात असून तिला कळणार नाही. बऱ्याच सोसायट्यांत दोन नंबर लावता येतात. सोसायटीच्या ऑफिसात सांगायचं, तिचाही लावा म्हणून. घर तिचंही आहे.

आणखी एक सोय आहे, तिनं आमचं काम फार सोपं केलं. ॲप असेल तर घरातल्या माणसाला पाहुण्याचं नाव आणि दिवस आधीच टाकता येतो. मग एक आकडा मिळतो, तो आपल्याला मेसेजनं पाठवतात. गेटवर आकडा सांगितला की सोडतात, तो ठरल्या वेळेपुरताच चालतो. मी तो कागदावर लिहून घेते, मोबाईलवर माझा भरवसा उरलेला नाही. लेकीचा नंबरही त्याच कागदावर. मात्र मेसेज नीट वाचा, नाहीतर कुणाकडून वाचून घ्या. त्यात बँकेचं, पैशाचं किंवा आधारचं नाव असेल तर तो आकडा गेटवर काय, कुणालाच सांगायचा नाही.

आपल्या गटाच्या मालाचंही असंच. पापड-कुरडयांची ऑर्डर घेऊन आपण जातो आणि बाई घरात नसली की माल गेटवरून परत येतो, भाडं अंगावर पडतं. ज्या ताईनं ऑर्डर दिली तिच्याकडून आदल्या दिवशीच आकडा मागून घ्या. एका घरची परवानगी म्हणजे सगळ्या मजल्यांवर फिरायची परवानगी नव्हे, हेही लक्षात असू द्या. खाली टेबल मांडायचं तर कमिटीला आधी विचारावं लागतं.

आता आपल्यातल्या कुणी तिकडं राहायला गेल्या, सुनेकडं चार महिने राहिल्या, तर फोन आपल्यालाही येईल. तेव्हा भिडस्तपणा नको. आवाज ओळखीचा नसेल, नाव कळत नसेल तर ‘थांबा, विचारून सांगते’ म्हणायचं. कुणी गावाचं नाव घेतलं म्हणून लगेच बटण दाबायचं नाही.

दिवाळीनंतर बाळाला बघायला आम्ही पुन्हा गेलो. गेटवर कागदातला आकडा सांगितला, वॉचमननं हसून सोडलं. पुढं जिन्याच्या खाली काचेचा दरवाजा, बाजूला आकड्यांची पाटी. तिथं फ्लॅटचा नंबर दाबायचा, मग घंटीचं चित्र. घरातून लेक बोलते, वर एक बटण दाबते, दरवाजा खट्ट वाजतो. खट्ट झालं की लगेच ढकलायचा, काही सेकंदांत तो पुन्हा बंद होतो.

वन्सं म्हणाल्या, मी दाबणार. दाबलं. आतून आवाज आला, “कोण?”

“अगं, आत्या आलीय तुझी! बाळ कसंय? झोपलंय का? दूध पुरतंय का त्याला?”

दरवाजा खट्ट वाजला. वन्सं बोलतच होत्या. दरवाजा बंद झाला. लेकीला तीनदा बटण दाबावं लागलं.