'दार' आणि 'दाणी'

किल्लेदार, जमीनदार, फौजदार यांतला 'दार' फारसीतला. 'दाश्तन' म्हणजे बाळगणे, जवळ ठेवणे, त्या क्रियापदाचं हे रूप. त्याचं मूळ संस्कृतातल्या 'धृ' धातूशी जुळतं. म्हणजे चक्रधरातला 'धर' आणि जमीनदारातला 'दार' चुलतभाऊच!

शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. हा प्रत्यय मात्र मराठीत मुरला, अस्सल मराठी शब्दांनाही चिकटला: चवदार, वळणदार, धारदार. मला आवडतो तो 'पाणीदार'. डोळ्यांना चालतो, मोत्यालाही.

'दाणी'चं मूळ फारसी 'दान', म्हणजे ठेवायचं पात्र. अत्तरदाणीत अत्तर, गुलाबदाणीत गुलाबपाणी. मच्छरदाणीत मात्र मच्छर बाहेर आणि माणूस आत!