दान संपल्यावर बैलाकडे बघा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'तुतारी' म्हटले की उरलेल्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे फुंकायचे वाद्य येते. आमच्या झाडीपट्टीत तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. तिच्या टोकाला अणकुचीदार खिळा ठोकलेला असतो. त्याला आर म्हणतात. नांगरामागे चालणाऱ्याच्या हातात ही तुतारी पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण आज मी बोलणार आहे ते शंकरपटातल्या तुतारीविषयी, आणि ती चालवून नाव कमावणाऱ्याला आपण पटशौकिनांनी किती मान द्यावा याविषयी.

ज्यांनी पट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत असते, तशी विदर्भात शंकरपटाची परंपरा आहे. गोंदिया जिल्ह्यात धान कापून, चुरून घरात आला की पौष-माघात बांध्या रिकाम्या होतात. मग गावाबाहेर सरळ, सपाट पट्टा तयार करतात. त्याला दान म्हणायचे. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपायचे, वर एक धुरकरी, आणि समोर झेंडी. कुठे दोन जोड्या शेजारशेजारच्या दानीवरून एकदम सुटतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर पळते. सगळा खेळ काही सेकंदांचा. पण त्या काही सेकंदांसाठी माणसे बालाघाटाकडून येतात, छत्तीसगडाकडून येतात, भंडारा-गडचिरोलीहून येतात. घरोघर पाहुणे उतरतात, सोयरिकीची बोलणी होतात आणि रात्री वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीचा प्रयोग उभा राहतो. अर्जुनी मोरगावपासून आमगावपर्यंत कुठेही विचारा, आमच्याकडे पट म्हणजे नुसती शर्यत नव्हे, तो गावाचा सण आहे.

आणि पट संपला तरी पटाच्या गप्पा संपत नाहीत. चहाच्या टपरीवर, धान गिरणीच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात त्या वर्षभर चालतात. कोणत्या साली कोणाची जोडी कुठे हरली, डावीकडचा बैल सुटताना कसा अडखळला, झेंडी वेळेवर पडली की नाही, हे शौकिनांना तोंडपाठ असते. मी स्वतः या गप्पांतला जुना भागीदार आहे. पण गेली काही वर्षे या गप्पा एका माणसापाशी येऊन अडतात, आणि मग आवाज चढतात.

हा माणूस एकेकाळचा नामांकित धुरकरी. त्याचे नाव सांगत नाही. आमच्या भागातल्या जुन्या शौकिनांना ते सांगण्याची गरज नाही, आणि नाव कळल्याने मुद्दा काही बदलत नाही. आता वय झाले, छकड्यावर चढणे केव्हाच थांबले. त्याचा हात मात्र पाहण्यासारखा होता. दोन बैलांचा स्वभाव दोन तऱ्हेचा असतो. एक उतावळा, एक थंड. त्या दोघांना एका पावलावर आणून जू आडवे न होऊ देता शेवटपर्यंत नेणे हे सोपे काम नाही. ते त्याला येत होते. त्याचबरोबर त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट कायम बोलली जाई. पंचांनी काठी तपासली तरी त्याच्या मुठीत आर असतेच, आणि त्याने हाकलेल्या जोडीच्या पुठ्ठ्यावर ती दिसतेच.

पट पुन्हा सुरू झाल्यावर एका गावाने त्याला उद्घाटनाला बोलावले. शाल-श्रीफळ झाले. माईक हातात आला तसा तो म्हणाला, "आर नसन त पट कायचा? वरात काढा मंग!" मंडपात हशा पिकला, टाळ्या वाजल्या. काही माणसे मात्र उठून गेली. तेव्हापासून आमच्याकडे दोन पक्ष पडले आहेत.

पहिला पक्ष म्हणतो, त्या काळी कोण आर वापरत नव्हते? एकट्यालाच का धरता? या बोलण्यात तथ्य आहे. तो काही एकटा नव्हता. पण सगळे करत होते म्हणून ते बरोबर होते असे ठरत नाही. आणि प्रश्न तेवढ्या जुन्या काळाचाही नाही. त्याने माईकवर जे सांगितले ते आजच्या पोरांना सांगितले, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आजचे धुरकरी होते.

दुसरे म्हणणे असे की, बैल आम्ही पोसतो, शहरातल्या माणसांना त्यातले काय कळते? हेही मी समजू शकतो. पटाच्या बैलाला जे खायला मिळते ते पुष्कळदा घरातल्या माणसांना मिळत नाही. ढेप, चुनी, दूध, अंडी, सगळे त्याच्या वाट्याला. ट्रॅक्टर आल्यापासून चिखलणीचे कामही बैलाकडून गेले. आज ज्याच्या दारी पटाची जोडी आहे त्याने ती हौसेने, खर्च सोसून ठेवली आहे. वर्धा-नागपूरकडच्या गवळाऊसारखी चपळ, पळणारी जात टिकायची तर अशी हौसही हवी, हे मला पटते. पण पोसणारा आणि टोचणारा बहुतेक वेळा एकच माणूस नसतो. जोडी एकाची, हाकणारा दुसरा. बक्षीस घेऊन धुरकरी घरी जातो. जखमेला हळद-तेल लावत रात्र काढतो तो मालक.

अशाच एका मालकाने मला आरेचा हिशेब समजावून सांगितला होता. तो म्हणाला, "आर खाल्लेला बैल दान ओळखते बाप्पा. दुसऱ्या साली थो पायच टाकत नाई." टोचले की बैल उसळी मारतो, हे खरे. पण टोचलेला एकच बैल उसळतो, जोडीदार मागे राहतो. जू तिरपे होते, छकडा दान सोडतो आणि कडेच्या गर्दीत शिरतो. शिवाय बैल म्हणजे घोडा नव्हे. रवंथ करणारे, जड अंगाचे, दुभंगलेल्या खुरांचे हे जनावर ओढण्यासाठी बनलेले आहे. ते थोडे अंतर जोराने पळते. ते अंतर वेदनेने वाढवायला गेले की धाप लागते, तोंडाला फेस येतो. म्हणजे ज्याला आपण धुरकऱ्याची हुशारी म्हणतो ती पुष्कळदा पुढच्या वर्षाची उचल असते. आज घ्यायची आणि बैलाने फेडायची.

आता बंदीचा इतिहास थोडक्यात पाहू, कारण त्यातही आपल्या वादाचे उत्तर आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत तो विषय लावून धरला होता. पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड होता १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाला पटातले कोण भिणार? मग ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे प्रदर्शन वा खेळ करता येत नाहीत अशांच्या यादीत बैलाचे नाव घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती या दोन्हींवर बंदी आणली. त्या निकालात शेपटी पिरगाळणे, टोचणे, मारणे यांचे तपशील आहेत. ते वाचताना राग येतो, पण त्यातले खोटे काय, असे कोणी विचारले तर पटशौकिनाला मान खाली घालावी लागते.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने परवानगी दिली, तिला चार-पाच दिवसांतच स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वतःची कायदादुरुस्ती केली, तीही उच्च न्यायालयात अडली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्या मधल्या वर्षांत आमच्याकडे दानी ओस पडल्या. कुठे चोरून पट झाले, कुठे पोलीस आले. नाटके होत राहिली, पण पटाबरोबर येणारी गर्दी गेली. कितीतरी मालकांनी जोड्या विकून टाकल्या.

घटनापीठाने परवानगी का दिली हे आपण नीट लक्षात ठेवले पाहिजे. परंपरा आहे म्हणून वाट्टेल तसे चालू द्या, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. नव्या नियमांमुळे जनावरांच्या वेदना बऱ्याच कमी होतात, आणि ते नियम काटेकोर पाळले जावेत, ही त्या निकालाची बैठक आहे. पाळले जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी जिल्हाधिकारी आणि सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली आहे. महाराष्ट्राच्या नियमांत धाव १,००० मीटरपेक्षा जास्त नको, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी हवी, काठी, चाबूक, टोचणारी वस्तू नको, असे सांगितले आहे. अटी मोडल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ५० रुपयांपासून ५ लाखांपर्यंत आपण येऊन पोचलो आहोत. म्हणजे आर नसेल तर पट कसला, असे म्हणणारा माणूस पटाची बाजू घेत नाही. ज्या अटीवर पट उभा आहे, तीच तो मंडपात उभा राहून काढून टाकतो आहे.

पण दंड आणि कैद यांनी सगळे होईल असे मला वाटत नाही. दानीच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसे असतात. त्यात पोलीस किती, पशुवैद्य किती? मुठीतला खिळा त्यांना दिसत नाही. शौकिनाला दिसतो. कोणता बैल आपल्या मनाने पळतो आहे आणि कोणता भीतीने, हे शंभर पावलांवरून ओळखणारी माणसे आमच्याकडे आहेत. ती बोलत नाहीत, एवढेच.

दूरचे एक उदाहरण सांगतो. ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शर्यतीला मोठी प्रतिष्ठा आहे. तिथेही चाबकावरून वर्षानुवर्षे वाद चालू होता. घोडेस्वाराला दंड होई, काही दिवसांची बंदी होई, पण जिंकलेली शर्यत जिंकलेलीच राही. त्यामुळे मोठ्या शर्यतीत दंड भरूनही चाबूक मारणे परवडत असे. २०२३ मध्ये तिथे नियम बदलला. सपाट मैदानावरच्या शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा घातली, आणि ती चार किंवा अधिक फटक्यांनी ओलांडली तर घोडाच बाद. म्हणजे विजय गेला, बक्षीस गेले, मालकही हात चोळत बसला. चाबूकही मऊ, अस्तर लावलेला. आपल्याकडे काठीच वर्ज्य आहे, तेव्हा त्यांचे आकडे आपल्या कामाचे नाहीत. त्यामागचे तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे. शिक्षा माणसाला करून भागत नाही, निकाल फिरवावा लागतो.

हे आपल्या गावातही करता येईल, आणि त्यासाठी मुंबईहून कोणी यायला नको. जोडी जिंकली की माईकवरून लगेच नाव पुकारू नये. आधी छकडा सोडावा, बैल पशुवैद्यापुढे उभे करावेत, पुठ्ठे, शेपटी, मांड्या पाहाव्यात. ताजी टोच दिसली तर जोडी बाद, आणि का बाद झाली ते त्याच माईकवरून सांगावे. त्या धुरकऱ्याला पुढच्या पटाची दान बंद. पाच-सात गावांच्या समित्यांनी एवढे मिळून ठरवले तर मालकच धुरकऱ्याची मूठ उघडून पाहतील. कारण बक्षीस जाणार आहे ते त्यांचे.

तळेगाव दशासरच्या नामांकित शंकरपटात बायाही जोड्या हाकतात. छकड्यावर उभ्या राहून त्या दान पार करतात तेव्हा लोक डोक्यावर घेतात. ज्यांना वाटते की कौशल्य म्हणजे काठीतला खिळा, त्यांनी एकदा ते पाहून यावे. हाकेवर, कासऱ्यावर आणि सरावावर जोडी कशी पळते ते कळेल.

राहिला प्रश्न त्या जुन्या धुरकऱ्याचा. त्याला वाळीत टाका असे मी म्हणत नाही. त्याने म्हातारपणी पट पाहायला यावे, पुढच्या रांगेत बसावे. दोन बैल एका पावलावर कसे आणायचे हे पोरांनी त्याच्याकडून शिकून घ्यावे, कारण ते ज्ञान त्याच्याबरोबर जाऊ नये. पण आर चालवून मिळवलेल्या विजयांसाठी शाल नको, आणि त्या विजयांचे गुणगान करायला माईक नको. माणसाचा मान आणि त्याच्या कृत्याचा मान यांत फरक करता येतो. आपण तो करायला शिकले पाहिजे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा शेकतो, हळद-लोणी लावतो. वर्षभर जू वाहिल्याबद्दलची ती कृतज्ञता असते. सहा महिन्यांनी त्याच बैलाच्या पुठ्ठ्यातून रक्त येते आणि आपण शिट्टी वाजवतो, हे एका घरात शोभत नाही. यंदा धान निघाले की गावोगावच्या भिंतींवर पुन्हा इनामी शंकरपटाचे फलक लागतील. तुम्ही जाल, मीही जाणार आहे. एवढेच करा, झेंडी पडल्यावर धुरकऱ्याला खांद्यावर घ्यायला धावू नका. आधी बैलांना एक प्रदक्षिणा घाला. काही दिसले, तर समितीच्या टेबलापाशी जाऊन मोठ्याने सांगा.