पोरक्या पोरांचा आसरा



साता समुद्रापलीकडचा माणूस आपल्या लेकरांना पोसतो, ही गोष्ट जुनी आहे.

पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले. पुढे ते पुण्याला गेले. बालविधवा तिथे शिकत. खर्च अमेरिकेतले लोक धाडत. त्यासाठी त्यांनी बोस्टनला मंडळच काढले होते. पण वचन होते दहा वर्षांचे. पुढे काय? रमाबाईंनी आधीच विचार केला. केडगावला जमीन घेतली. झाडे लावली.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग! हाँगकाँग, मुंबई करत हा रोग जगभर फिरत होता. नव्या मुली शहरात ठेवू नका, असे सरकारने बजावले. एवढ्या मुली न्याव्या कुठे? केडगावचे शेत होते, म्हणून निभावले. तिथेच पुढे मुक्ती सदन उभे राहिले.

दूरचा पैसा मोलाचा खरा. पण साथीत जवळचा आसराच कामी येतो.

2020 साली कोरोना आला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही मुले पोरकी झाली. अशांसाठी सरकारची बाल संगोपन योजना आहे. आई किंवा बाप गेला, तरी पोर घरच्यांजवळच राहते. महिन्याला 2,250 रुपये मिळतात. चौकशी बुलढाण्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात करावी.

तुम्हाला आता वाचता येते. शेजारच्या आजीला येत नसेल. तिच्या नातवाचा अर्ज तुम्ही भरून द्या.