माझं पत्र, माझा पत्ता

(आमच्या गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

ताईंनी माझी ओळख 'अमेरिकेहून आलेल्या' अशी करून दिली, तेव्हा काही जणींच्या मनात आलंच असेल, हिला कसला आलाय प्रश्न! म्हणून सुरुवातीलाच सांगते. न्यू जर्सीत मी दोनदा घर बदललं. एकदा नवऱ्याबरोबर, एकदा नवऱ्यापासून. दोन्ही वेळा माझं ग्रीन कार्ड व्हायचं होतं. आणि दोन्ही वेळा सगळं अडलं ते एका पाकिटापाशी.

मी शिकायला गेले होते, लग्न तिथंच झालं. नवरा अमेरिकन नागरिक. त्यानं बायकोसाठी म्हणून अर्ज केला, मी ग्रीन कार्डासाठी केला. हे काम महिनोन् महिने चालतं. मधल्या काळात बोटांच्या ठशांची तारीख, कामाच्या परवान्याचं कार्ड, मुलाखतीचं बोलावणं, सगळं टपालानं येतं.

पहिल्यांदा भाडं वाढलं म्हणून आम्ही जर्सी सिटीहून एडिसनला गेलो. पोस्टात नवा पत्ता कळवला. मला वाटलं, झालं काम. पण पोस्टाला कळवणं म्हणजे इमिग्रेशन खात्याला कळवणं नव्हे. खात्याची पाकिटं पुष्कळदा नव्या पत्त्यावर येत नाहीत, उलट खात्याकडेच परत जातात. माझं ठशांचं पाकीट जुन्या घरी गेलं. तिथं नव्यानं राहायला आलेल्या गुजराती मावशींनी ते जपून ठेवलं, घरमालकाकडून नंबर घेऊन फोन केला, म्हणून मी वाचले. न कळवता गैरहजर राहिलं, तर बाईनं अर्ज सोडून दिला असं धरून तो फेटाळता येतो.

मग नियम वाचला. नागरिक नसलेल्या बहुतेक सगळ्यांनी घर बदलल्यापासून 10 दिवसांत एआर-11 हा फॉर्म भरायचा असतो. त्याला फी नाही. न भरणं हा कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय चालू अर्जाच्या फाइलीतला पत्ताही बदलला का, हे पावती क्रमांक देऊन पाहायचं. नव्या घराच्या टपालपेटीवर आपलं नाव लिहायचं. साधी गोष्ट, पण आमच्या पेटीवर फक्त नवऱ्याचं नाव होतं. ते मला तोवर खटकलंही नव्हतं!

आता दुसरं घर. एडिसनला आल्यावर हात उचलणं सुरू झालं. पेटीची किल्ली त्याच्याकडे. माझी पाकिटं त्याच्या बॅगेत. कॉम्प्युटरवरच्या माझ्या खात्याचा पासवर्डही त्यानंच ठेवलेला. भांडण झालं की एकच वाक्य, "उद्या अर्ज मागे घेतो, मग बस विमानात." मी दीड वर्ष गप्प बसले, ते या वाक्यामुळे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कार्ड हातात येईपर्यंत सोस गं." आईचा राग नाही येत मला. तिला दुसरी वाट माहीतच नव्हती. मलाही नव्हती.

वाट होती. आणि ती बायकांनी भांडून मिळवलेली होती. 1986 च्या कायद्यानं, लग्नाला 2 वर्षं झालेली नसली तर ग्रीन कार्ड 2 वर्षांपुरतं, अटीवरचं दिलं जाऊ लागलं, आणि अट काढायला नवऱ्याची सही लागू लागली. म्हणजे मारणाऱ्याच्याच हातात लगाम! ओरड झाल्यावर 1990 मध्ये छळ होणाऱ्या बायकांना त्या सहीतून सूट मिळाली. 1994 च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्यानं नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या बायकोला, नवऱ्याला न विचारता, स्वतःचा अर्ज करता येऊ लागला. 1996 पासून अशा अर्जाची माहिती नवऱ्याला द्यायला खात्याला मनाई आहे.

हे मला सांगितलं ते दक्षिण आशियाई स्त्रियांच्या एका गटातल्या कार्यकर्तीनं. न्यू जर्सीत 'मानवी' 1985 पासून काम करते, न्यूयॉर्कमध्ये 'सखी' 1989 पासून. असे गट आपल्यासारख्याच बायकांनी उभे केलेत. त्या बाईनं पहिला प्रश्न मारहाणीचा विचारला नाही. विचारलं, "तुझं पत्र कुठं येतं?"

एका मंगळवारी तो कामावर गेल्यावर मी निघाले. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, अर्जाच्या पावत्या आणि दोन ड्रेस. जुन्या खात्यातून मी पत्ता बदलला नाही. बदलला असता तर त्याला माझं नवं घर त्याच दिवशी कळलं असतं. वकीलबाईंनी माझ्या नावाचा अर्ज केला, ग्रीन कार्डाची फाइल त्याला जोडून घेतली, आणि पत्रांसाठी सुरक्षित पत्ता दिला. अशा अर्जदार बायकांसाठी पत्ता कळवण्याची पद्धत वेगळी असते, ती जाणकाराला विचारूनच करावी.

पहिलं पाकीट माझ्या हातात पडलं तेव्हा मी ते लगेच फोडलंच नाही. वर फक्त माझं नाव होतं. तेच वाचत बसले.

मैत्रिणींनो, हे फक्त अमेरिकेचं नाही. माहेरचा पत्ता बापाचा, सासरचा नवऱ्याचा. आपल्याकडे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशन कार्डावर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. तरी किती जणींची कागदपत्रं स्वतःच्या हाताशी आहेत?

तुमच्या ओळखीची कुणी मुलगी परदेशी असेल, तर 'कशी आहेस' विचारल्यावर ती 'मजेत' म्हणेल. पुढचे तीन प्रश्न विचारा. टपालपेटीची किल्ली कुणाकडे? पासवर्ड कुणाकडे? पावती क्रमांकाची एक नक्कल इथं आपल्याकडे आहे का? आणि 'सोस' म्हणण्याआधी, तिथल्या बायकांच्या गटाचा फोन नंबर तिला द्या.