उचल, हिशेब आणि आपली खरेदी



 मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत आपण बांधकाम व्यावसायिक बंगले, रिसॉर्ट, गोदामे, शाळा बांधतो. सिमेंटची ग्रेड पाहतो, लोखंडाचा टेस्ट रिपोर्ट मागतो, वाळूच्या रॉयल्टीची पावती फाइलला लावतो. विटेबाबत मात्र आपले प्रश्न दोनच: हजारी भाव काय, आणि गाडी कधी येणार? वीट थापणाऱ्याचा हिशेब कसा झाला, हे कोणी विचारत नाही. आपल्या व्यवसायात वेठबिगारी शिरते ती याच न विचारलेल्या हिशेबातून. ती रोखायची, तर भट्टीवाल्याला उपदेश करून भागणार नाही, आपल्या खरेदीच्या अटी बदलाव्या लागतील.

रायगडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे मोठ्या संख्येने राबतात. खैराचा कात पाडण्याचा त्यांचा जुना धंदा जंगलावरच्या निर्बंधांनी संपवला. बहुतेकांच्या नावावर शेती नाही, कित्येक वाड्यांची जागासुद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. पावसाळ्यात चूल पेटायची मारामार असताना भट्टीवाल्याकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, मिळते आणि भातकापणी उरकली की अख्खे कुटुंब भट्टीवर जाते. पहाटेच्या अंधारात चिखल मळायचा, नवराबायकोने वीट पाडायची, पोरांनी कच्च्या विटा उलटायच्या. आठवड्याला हातात पडते ती बाजारापुरती खर्ची. वहीत नाव मात्र एकट्या नवऱ्याचे. पावसाळा तोंडावर आला की हिशेब होतो. समजा, उचल 30 हजार, हंगामभराची खर्ची 25 हजार आणि थापलेल्या विटांची मजुरी 45 हजार. म्हणजे 10 हजार अंगावर बाकी. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडा. सहा महिने, महिन्याला 26 दिवस, माणसे दोन: माणशी रोजी पडली 144 रुपये. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 297 रुपये होती. तिच्या निम्मेही ज्याला मिळाले नाही, तोच वहीत देणेकरी ठरतो. बाकी उरते ती त्याच्या उधळपट्टीने नव्हे, दरामुळे आणि बायकोचे श्रम वहीत न धरल्यामुळे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली. वेठबिगार पद्धत नष्ट करण्याचा वटहुकूम ऑक्टोबर 1975 मध्ये निघाला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. उचलीपोटी माणसाला दुसरीकडे काम करण्याची, हवे तिथे जाण्याची किंवा किमान वेतन मिळवण्याची मोकळीक उरली नसेल, तर ती वेठबिगारी आहे. असे कर्ज कायद्यानेच रद्द होते, आणि ते वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर येते. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरून सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिलेला निकाल तर आपल्याच धंद्यातला आहे. किमान वेतनापेक्षा कमी दराने काम घेणे हेच सक्तीचे श्रम, असे न्यायालयाने म्हटले. मजूर ठेकेदाराचे आहेत, हे सांगून सरकारी यंत्रणांनाही हात झटकू दिले नाहीत.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की उचल मजूरच मागतो, आणि पैसे घेऊन काही जण पळूनही जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उचल देणे हा गुन्हा नाहीच. तिच्यापोटी माणूस अडकवून ठेवणे हा गुन्हा आहे. बुडीत रकमेची जोखीम प्रत्येक धंद्यात असते. ती कमी करायला उचल थोडी आणि हप्त्याहप्त्याने द्यावी, पोराबाळांना तारण ठेवू नये. दुसरा आक्षेप: वीट व्यापाऱ्याकडून येते, भट्टी आम्हाला कशी कळणार? बऱ्याच विटांच्या खाचेत भट्टीवाल्याची अक्षरे उमटलेली असतात. गाडी रिकामी होत असताना ती वाचता येतात.  तिसरा आक्षेप परंपरेचा: इथे असेच चालत आले. रायगडच्याच अलिबाग तालुक्यात खोतीही, म्हणजे खोतांनी कुळांकडून वसुली करण्याची पद्धतही, चालत आली होती. 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी गावच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवल्या. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले आणि 1949 च्या कायद्याने खोती गेली. प्रथा जुनी आहे, एवढ्याने ती टिकवण्याजोगी ठरत नाही.

राहिला खर्चाचा आक्षेप, आणि तोच खरा आहे. दर वाढवला तर वीट महागेल. मात्र आज ती स्वस्त आहे, कारण फरक कातकरी कुटुंब भरते. आपण भाव पाडतो, बिल तीन-तीन महिने थकवतो आणि पावसाआधी माल हवा म्हणून घाई करतो. भट्टीवाला हा सगळा ताण खाली ढकलतो. सर्वांत खाली जो असतो, त्याच्याकडे ढकलायला कोणी उरत नाही. म्हणून पुरवठादाराकडून नुसते प्रतिज्ञापत्र घेणे मला अपुरे वाटते. ब्रिटनच्या 2015 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याने 3 कोटी 60 लाख पौंडांवर उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीतील गुलामगिरी रोखण्यासाठी काय केले, याचे निवेदन दरवर्षी काढायला लावले. पण 'आम्ही काहीच पावले उचलली नाहीत' असे निवेदनही त्या कायद्यात बसते. आपल्याकडे 2022-23 पासून भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय-जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्या मोजपट्टीत भट्टी थेट येत नाही. तिच्यापर्यंत पोचतो तो आपला खरेदी आदेश.

त्या आदेशात तीन अटी घालाव्यात, असा प्रस्ताव मी बांधकाम व्यावसायिकांच्या या परिषदेपुढे ठेवतो. पहिली: हजारी दर किमान वेतनावरून मागे मोजत ठरवावा आणि बिल 15 दिवसांत चुकते करावे. ही अट आपल्यावरच आहे, म्हणून ती पहिली. दुसरी: स्त्री-पुरुष प्रत्येक मजुराची वेगळी नोंद, मजुरी ज्याची त्याच्या खात्यावर, हिशेब दरमहा आणि वाचून दाखवलेला. तिसरी: हंगामाअखेर उचलीची बाकी पुढे ओढायची नाही, मूल कामावर दिसता कामा नये. यात खोट आढळली, तर लगेच खरेदी तोडून मोकळे होऊ नये. तसे केले तर मजुराची उरलीसुरली रोजीही बुडते. आधी जिल्हाधिकाऱ्यांना व कायद्याने नेमलेल्या दक्षता समितीला कळवावे, मजुराची सुटका, थकीत मजुरी आणि पुनर्वसन पाहावे, मग भट्टीवाल्याशी पुढचे बोलावे. ठराव मंजूर करणे सोपे आहे. त्याची परीक्षा येत्या मे महिन्यात भट्ट्यांचे हिशेब होतील तेव्हा आहे. त्या वेळी आपल्या प्रत्येक पुरवठादाराकडे किती कुटुंबे अंगावर बाकी न घेता घरी गेली, हा आकडा पुढच्या परिषदेत उलाढालीच्या आकड्याआधी वाचला जावा, अशी माझी मागणी आहे.